मालवणचं सागरी शिबिर: पैसे भरायच्या आधी पंचांग बघा

मे महिन्यात लेकीला (वय १३) मालवणजवळच्या तीन दिवसांच्या शिबिराला पाठवलं. साडेआठ हजार, जेवणखाण धरून.

आधी तक्रार. तारखा अष्टमीच्या आसपासच्या! तेव्हाच्या भांगाच्या (कमी चढउताराच्या) ओहोटीला पाणी फार मागे जात नाही, म्हणजे खालचे खडक उघडेच पडत नाहीत. वर ओहोटी साडेअकराची, रणरणत्या उन्हात. आयोजकांना विचारलं तर म्हणे, "सुट्ट्यांप्रमाणे ठरवलं." खडकांवरचं जग बघायचं तर अमावास्या-पौर्णिमेचं उधाण हवं, तेव्हा पाणी जास्त चढतं तसंच जास्त ओसरतंही. तेव्हा ओहोटी साधारण पहाटे आणि संध्याकाळी येते, ऊनही सोसतं. हे मुक्कामाच्या घरमालकीणबाईंनी सांगितलं, शिबिरवाल्यांनी नाही.

शिकवणारी मुलगी मात्र गुणी. एका डबक्यापाशी तिने पोरांना दहा मिनिटं गप्प बसवलं. सगळे 'शंख' म्हणत होते तो हळूच पाय काढून चालू लागला. आत खेकडा! लेक अजून तेच सांगते. शिकवणाऱ्या मुलीने काही उचलूही दिलं नाही. प्रवाळ आणि समुद्री काकडी १९७२ च्या वन्यजीव कायद्याखाली संरक्षित आहेत, हे पोरांना तिथेच कळलं.

स्नॉर्केलिंग 'समाविष्ट' होतं, पण लाइफ जॅकेट सगळे मोठ्यांच्या मापाचे. मी लेकीला उतरू दिलं नाही, ती दिवसभर फुगून बसली. मापाचं आधीच विचारा. चपला नकोत, मागे पट्टा असलेले जुने सँडल द्या. खडकांवरच्या कालवांच्या (शिंपल्यांच्या) कडा ब्लेडसारख्या कापतात.

जेवण झकास. सोलकढी रोज.

पुन्हा पाठवीन, पण तिथी बघून.