प्रश्नावली की सहभागी निरीक्षण? पद्धत ठरवण्याआधी

प्रबंधाचा विषय पक्का झाला की पुढचा पेच पद्धतीचा: लोकांना छापील प्रश्न द्यायचे, की त्यांच्यात राहून, त्यांच्या रोजच्या जगण्यात सामील होऊन पाहायचं, म्हणजे सहभागी निरीक्षण करायचं? बहुतेक जण प्रश्नावलीकडे वळतात आणि कारण सांगतात, 'ती वस्तुनिष्ठ असते.' प्रश्नावली निवडायला चांगली कारणं आहेत, पण हे त्यांतलं नाही.

अमेरिकन समाजशास्त्रज्ञ रिचर्ड लापिएर यांचं काम पाहा. १९३०च्या सुमारास ते एका चिनी जोडप्याबरोबर मोटारीने अमेरिकाभर हिंडले. चिनी लोकांविषयी तिथे तेव्हा उघड आकस होता. तरी अडीचशे हॉटेलं-खाणावळींपैकी फक्त एका ठिकाणी त्यांना नकार मिळाला. पुढे सहा महिन्यांनी त्या सगळ्याच ठिकाणी लेखी विचारणा केली, 'चिनी ग्राहक घ्याल का?' उत्तर देणाऱ्यांपैकी ९० टक्क्यांहून अधिक जणांनी 'नाही' असं कळवलं. कागदावरचं उत्तर आणि दारातलं वागणं यांत एवढी दरी! अर्थात, जोडप्यासोबत गोरा प्राध्यापक, म्हणजे स्वतः लापिएर होते, याचाही परिणाम झाला असणार.

सहभागी निरीक्षणाची खरी अडचण हीच. आपण तिथे असतो, म्हणून समोरचं थोडं बदलतं. समाजशास्त्रज्ञ विल्यम व्हाइट अभ्यासासाठी अमेरिकेतल्या बोस्टनमधल्या इटालियन वस्तीत काही वर्षं राहिले. त्यांनी 'डॉक' हे नाव दिलेल्या तिथल्या मित्राचा सल्ला होता की प्रश्न विचारत सुटू नकोस, नुसता बसत जा. व्हाइट बसले आणि जे विचारायचं त्यांना सुचलंही नसतं त्याची उत्तरं मिळाली. पण त्याच डॉकने पुढे बोलून दाखवलं की आता काही करताना तुला काय जाणून घ्यायचं असेल याचा आधी विचार करावा लागतो. व्हाइट स्वतःही इतके वाहवले की एका निवडणुकीत त्यांनी एकाहून अधिक वेळा मतदान केलं. पुढे त्यांनीच ते लिहून ठेवलं, आणि म्हणूनच त्यांच्या निष्कर्षांवर माझा विश्वास जास्त बसतो.

प्रश्नावलीतही संशोधक असतोच. कोणता प्रश्न घ्यायचा, पर्याय कोणते द्यायचे हे तो घरी बसून ठरवतो. तिथे शिरलेला पूर्वग्रह तक्त्यांत शोधूनही सापडत नाही. सहभागी निरीक्षणात तो टिपणवहीत पकडता येतो, मात्र वही नीट ठेवली तर. डाव्या पानावर फक्त पाहिलेलं-ऐकलेलं, उजव्या पानावर आपल्याला काय वाटलं ते. डावीकडे 'तो चिडला' चालणार नाही. 'उत्तर न देता पेला बाजूला सरकवला' असं हवं. आणि हे त्याच रात्री उतरवायचं, सकाळपर्यंत निम्मं विरून जातं.

'किती जण', 'कोणत्या गटात जास्त' असा प्रश्न असेल, तर बिनदिक्कत प्रश्नावली घ्या. नमुना नीट निवडला तर मोठ्या समूहाविषयी बोलता येतं, दुसऱ्याला पडताळता येतं, वेळही कमी लागतो. एका वस्तीत वर्ष काढून ते साधत नाही. पण नियम एक आणि वागणं दुसरं, असं काही उलगडायचं असेल, तर राहायलाच हवं. ओळख लपवून मात्र नको. ज्यांच्यात बसायचं त्यांना आपण कोण, कशासाठी आलो हे माहीत असायला हवं.

हाताशी सहाच महिने असतील आणि मार्गदर्शकांना तक्तेच हवे असतील, तरी पहिले दोन आठवडे नुसते जाऊन बसा. प्रश्न त्यानंतर छापा.