एकाच खोलीत अडकलेले दोघे: राजघराण्यातल्या समलिंगी प्रेमकथांपैकी कुठली वाचावी?

राजपुत्राला नकार द्यायची सोय नसते. कुणाच्या लग्नाला जायचं, जेवताना कुणाशेजारी बसायचं, फोटोत कुणाकडे बघून हसायचं, सगळं आधीच ठरलेलं असतं. रोमान्स वाचणाऱ्यांचा 'फोर्स्ड प्रॉक्सिमिटी' हा लाडका प्रकार म्हणूनच राजवाड्यात इतका शोभतो. दोघांना परिस्थितीनं एकत्र कोंडायचं, निघून जायची वाट बंद करायची आणि पुढे काय होतं ते बघायचं, एवढाच त्याचा गाभा. इतर कथांत त्यासाठी बर्फाचं वादळ आणावं लागतं, नाहीतर हॉटेलात नेमकी एकच खोली शिल्लक ठेवावी लागते. राजवाड्यात वरून आलेला एक आदेश पुरतो.

दोघंही पुरुष असले की या कोंडण्याला वेगळीच धार येते. राजपुत्राच्या आयुष्यात माणसं चोवीस तास असतात, एकांत मात्र नसतो. तो मागितला तर का मागितला, हा प्रश्न उभा राहतो. हुकमानं मिळालेल्या एकांताबद्दल कुणी विचारत नाही. ज्याला आपल्या इच्छेचं नावही घेता येत नाही, त्याला 'माझा काही इलाज नव्हता' हे वाक्य किती आधार देतं, हे लपून जगलेल्या कुणालाही सांगावं लागणार नाही.

प्रत्यक्षातल्या राजघराण्यांत हाच हुकूम उलटा चालत आला आहे. गुजरातमधल्या राजपिपळा संस्थानाच्या मानवेंद्रसिंह गोहिल यांचं १९९१ मध्ये रीतसर एका राजकन्येशी लग्न झालं आणि ते फार टिकलं नाही. २००६ मध्ये त्यांनी आपण समलिंगी असल्याचं जाहीर केलं, तेव्हा घराण्यानं त्यांच्याशी नातं तोडल्याचं जाहीर केलं. ब्रिटनमध्ये २०१३ च्या कायद्यानंतरही गादीच्या रांगेतल्या पहिल्या सहा जणांना लग्नासाठी राजाची परवानगी लागते. नेदरलँड्सच्या पंतप्रधानांना तर २०२१ मध्ये स्पष्ट सांगावं लागलं की गादीच्या वारसानं समलिंगी विवाह केला तरी गादी सोडावी लागणार नाही. कुणाला कुणाजवळ बसवायचं हे दरबार ठरवतो आणि कुणी कुणाबरोबर राहायचं हेही. या कादंबऱ्या पहिल्या अधिकाराच्या जोरावर दुसऱ्याला हरवतात. मला त्या आवडतात त्या याच कारणासाठी.

आता निवडीकडे. तीन नावं सतत समोर येतात: केसी मॅकक्विस्टन यांची 'रेड, व्हाइट अँड रॉयल ब्लू', सी. एस. पकॅट यांची 'कॅप्टिव्ह प्रिन्स' ही त्रयी आणि एव्हरिना मॅक्सवेल यांची 'विंटर्स ऑर्बिट'. तिन्हींवर लेबल एकच असलं तरी वाचण्याचा अनुभव इतका वेगळा आहे की चुकीची हाती लागली तर हा प्रकारच आपला नाही, असं वाटून बसेल. पारखताना मी दोन गोष्टी बघते. कोंडलेले दोघं सारखेच कोंडलेले आहेत का? आणि दार उघडल्यावर ते काय करतात? दुसरा प्रश्न मला जास्त महत्त्वाचा वाटतो, कारण बंद खोलीत कुणीही कुणाच्याही जवळ येऊ शकतं.

'रेड, व्हाइट अँड रॉयल ब्लू' (२०१९) सगळ्यात सोपी आणि सगळ्यात प्रसिद्ध. अमेरिकेच्या महिला राष्ट्राध्यक्षांचा मुलगा ॲलेक्स आणि ब्रिटनचा राजपुत्र हेन्री यांचं एकमेकांशी पटत नाही. हेन्रीच्या भावाच्या लग्नात दोघांची जुंपते, केक कोसळतो, आणि दोन्ही सरकारं अब्रू वाचवायला त्यांना जुने मित्र असल्याचं नाटक करायला लावतात. रुग्णालयाच्या भेटीत मोठा आवाज होतो, सुरक्षारक्षक दोघांना सामानाच्या अडगळीत ढकलतात, आणि तिथे ते पहिल्यांदा माणसांसारखं बोलतात. सक्ती दोघांवर सारखीच आहे, त्यामुळे वाचताना कुठे टोचत नाही. पण पुस्तक घेण्याआधी एक जाणून घ्या: कोंडलेपण इथे थोडंच आहे. पहिलं चुंबन व्हाइट हाउसच्या बागेत होतं तेव्हा कुणी कुणाला कोंडलेलं नसतं, आणि त्यानंतरची बरीचशी कथा ईमेल, फोन आणि चोरून केलेल्या प्रवासांवर चालते. एकाच छपराखाली हळूहळू वाढणारा ताण हवा असेल तर तो इथे मिळणार नाही. हेन्री मात्र जवळजवळ शेवटपर्यंत कोंडलेलाच राहतो, आपल्याच राजवाड्यात. पुस्तकाचा खरा जीव तिथे आहे, आणि विनोदी म्हणून ओळखली जाणारी ही कादंबरी त्या पानांवर खूप हळवी होते. अमेरिकी निवडणुकांचे संदर्भ भरपूर आहेत. ते कंटाळवाणे वाटत असतील तर २०२३ चा चित्रपट बघा. त्यात राजकारण पातळ केलं आहे आणि अडगळीतला प्रसंग छान जमला आहे.

'कॅप्टिव्ह प्रिन्स' अगदी दुसऱ्या टोकाला. अकिएलॉसचा युवराज डेमन याला त्याचा सावत्र भाऊ गादीसाठी दगा देतो आणि शत्रुराज्य वीअरच्या राजपुत्राकडे, लॉरेंटकडे, गुलाम म्हणून पाठवतो. सहा वर्षांपूर्वी लॉरेंटचा भाऊ रणांगणात याच डेमनच्या हातून मेलेला आहे. इथे 'सारखेच कोंडलेले' म्हणायची सोयच नाही. एकाच्या गळ्यात पट्टा आहे, दुसऱ्याच्या हातात हुकूम. पहिल्या भागात फटके आहेत, लैंगिक हिंसा आहे, लहान मुलांच्या शोषणाचा धागा आहे. याबाबत मी कुणालाही 'पुढे बरं होतं, सोसून घ्या' असा सल्ला देणार नाही. ज्यांना हे वाचवत नाही त्यांनी हात लावू नये, आणि त्यात त्यांचं रसिकपण कुठेही कमी पडत नाही.

ज्यांना वाचवेल त्यांना मात्र या प्रकारातलं सर्वांत कसलेलं लेखन इथे मिळेल. पकॅट यांनी दोघांमधलं अंतर एकेका बोटानं कमी केलं आहे. लॉरेंटसुद्धा कैदीच आहे हे हळूहळू उलगडतं. वयात येऊन गादीवर बसेपर्यंत सत्ता काकाच्या हाती आहे, आणि त्या काकाला पुतण्या जिवंत नको आहे. दुसऱ्या भागात सैन्य सीमेकडे निघतं आणि कथा दरबारातून तंबूत येते. रात्री नकाशावर वाकलेली दोन डोकी, एकमेकांच्या डावपेचांची ओळख पटत जाणं, शत्रूच्या बुद्धीचं नकळत कौतुक वाटणं. स्पर्श फार थोडा, पण पान उलटताना हात थांबतो. मग पकॅट दार उघडतात. डेमनला जायची मोकळीक मिळते, सकाळी निघायचं ठरतं, आणि मध्ये एक रात्र उरते. ती रात्र एवढी भिडते, कारण तोवर दोघांना तिथे थांबवणारं कुणी उरलेलं नसतं.

'विंटर्स ऑर्बिट' (२०२१) मराठी वाचकाला सगळ्यात ओळखीची वाटेल, आणि कारण साधं आहे: आधी लग्न, मग ओळख. साम्राज्य अवकाशात पसरलेलं आहे, पण मामला ठरवून केलेल्या लग्नाचा. कीम हा सम्राज्ञीच्या अनेक नातवंडांपैकी एक, उधळा म्हणून बदनाम. थिया या मांडलिक ग्रहाशी तह टिकवायला त्याचं लग्न तिथल्या जेननशी लावलं जातं. जेननचा पहिला नवरा, कीमचाच चुलतभाऊ, नुकताच अपघातात गेला आहे. सुतक फिटण्याआधीच दुसरं बोहलं. खोली एक, पलंग एक, आणि दोघंही अतोनात सभ्य. कीमला वाटतं जेनन शोकात आहे, त्याला त्रास देऊ नये. जेननला वाटतं आपण कीमला नकोसे आहोत. या गैरसमजाचा काहींना कंटाळा येतो, मधल्या पानांवर मलाही 'अरे, बोला की एकदा' असं झालं. पण जेननचं पहिलं लग्न कसं होतं ते कळू लागलं की त्याच्या गप्प राहण्याचा अर्थ बदलतो. छळ सोसलेल्या माणसाला पुन्हा एका अनोळखी नवऱ्याच्या खोलीत ढकललं गेलं आहे. तिथे कीम सोफ्यावर झोपतो, विचारल्याशिवाय हात लावत नाही, आणि जवळीक म्हणजे काय हे जेनन नव्यानं शिकतो. पुढे यान डोंगरात कोसळतं, बर्फ, एक तंबू, म्हणजे या प्रकारच्या चाहत्यांना हवं ते सगळं आहे. कटकारस्थानाचा भाग मला बेताचा वाटला. सुरुवातीला नावांची आणि ग्रहांची गर्दी होते, पन्नासेक पानं धीर धरा.

वाचायला वेळ नसेल तर 'यंग रॉयल्स' ही स्वीडिश मालिका आहे, २०२१ ते २०२४, तीन सीझन. राजपुत्र विल्हेल्मला शिक्षा म्हणून निवासी शाळेत धाडतात आणि तिथे त्याला सायमन भेटतो, जो रोज बसनं घरी परत जातो. एक कोंडलेला, एक मोकळा, आणि मोकळा असलेला कितीदा परत येईल हा प्रश्न. सक्तीची जवळीक म्हणून ती सौम्य आहे, पण दाराचा प्रश्न तिच्याइतका सरळ कुणी विचारलेला नाही.

यात राजवाडा खरंच लागतो का, अशी शंका येत असेल तर सचिन कुंडलकरांची 'कोबाल्ट ब्ल्यू' आठवून बघा. तिथेही एकाच घरात राहणं आहे, पेइंग गेस्ट आहे, तनय आणि अनुजा ही भावंडं दोघंही त्याच्यात गुंततात. पण त्या पाहुण्याला कुणी बांधलेलं नाही, तो उठून जाऊ शकतो आणि जातो. त्या कादंबरीचं दुःख तिथूनच येतं. राजघराण्यातल्या या कथा वाचकाला आधीच शब्द देतात की इथे निघून जाणं सोपं नाही. दुसऱ्या पुरुषावर जीव लावून बसलेल्या पुरुषाला हा शब्द फार क्वचित मिळालेला आहे.

तर, प्रकाराशी पहिलीच ओळख असेल आणि मन हलकं ठेवायचं असेल तर 'रेड, व्हाइट' घ्या. सक्तीच्या जवळिकीसाठीच आला असाल तर थेट 'विंटर्स ऑर्बिट' उचला. एकच विकत घ्यायची असेल तर माझं मत हिलाच, कारण कोंडलेल्या माणसाची भीती आणि त्याच्याशी मायेनं वागणं हे दोन्ही तिनं एकत्र सांभाळलं आहे. 'कॅप्टिव्ह प्रिन्स' मन घट्ट असताना, सुट्टीत, आणि तिन्ही भाग जवळ ठेवूनच सुरू करा. पहिला भाग ऐन रस्त्यात सोडतो, आणि दुसऱ्याच्या शेवटी पुस्तक मिटून झोपणं अवघड आहे.