हळदीला मायकोरायझा: नऊ महिन्यांनंतरचा अनुभव

मागच्या जूनमध्ये सेलम जातीच्या हळदीला मायकोरायझा (पिकाच्या मुळात राहणारी उपयोगी बुरशी) दिलं होतं, आता काढणी होऊन शिजवण पण उरकली म्हणून लिहितोय. वसमत तालुका, काळी चुनखडीची जमीन, सामू (पीएच) ८ च्या वर.

आधी चूक सांगतो. त्याच्या आदल्या वर्षी दुकानदार म्हणाला ट्रायकोडर्मा या दुसऱ्या उपयोगी बुरशीसारखं हे बी गुळाच्या पाण्यात आठवडाभर ठेवा, वाढतंय. २०० लिटरच्या टाकीत ठेवलं, आळवणी केली म्हणजे झाडाच्या बुडात ओतलं, फरक शून्य. नंतर कळालं ही बुरशी जिवंत मुळाशिवाय वाढतच नाही, गुळावर नाही की शेणखतावर नाही. ती मुळात शिरून झाडाची साखर खाते आणि बाहेर धागे सोडून स्फुरद, जस्त आणून देते. आपल्या रानात स्फुरद नाही असं नाही हो, डीएपी हे स्फुरदाचं खत पोत्यानं टाकतोच की, पण तो चुन्यात अडकून जागचा हलत नाही आणि मुळाची केसं एक-दोन मिलिमीटरच्या पुढं पोचत नाहीत, हे धागे मात्र काही सेंटीमीटर लांब जातात.

म्हणून यंदा शेणखतात मिसळून थेट बेण्याखाली टाकलं, मुळी फुटली की त्यातच जावी. बुरशीनाशकाची आळवणी टाळली, डीएपी निम्मं केलं, कारण स्फुरद आयता मिळाला की झाड या बुरशीला थारा देत नाही. दोन बेड मुद्दाम मायकोरायझा न देता तसेच सोडले.

दोन महिने काहीच दिसेना, भाऊ म्हणाला परत पैसे पाण्यात. ऑगस्टमध्ये पावसानं उघडीप दिली तेव्हा समजलं, सोडलेल्या बेडची पानं दुपारी सुरळी व्हायची आन बाकीची तशीच उभी. काढताना गड्डा उपटला तर मुळ्यांना बुरशीच्या धाग्यांनी धरलेले मातीचे बारीक बारीक खडे चिकटलेले, झटकले तरी पडेनात, ते बघून लई बरं वाटलं. ओल्या हळदीचं बेडला बेड वजन केलं, दिलेल्या बेडला १० किलोमागं जवळपास १ किलो जास्त भरलं.

पण कंदकुजीला याचा उपयोग झाला नाही, खालच्या चिबाड कोपऱ्यात लागलीच, तिथं आधी चर काढून पाणी बाहेर काढायला पाहिजे होतं, तेवढं माझं राहिलं. आणि कोबी, फ्लॉवर, मोहरीवर पैसे घालू नका, त्यांच्या मुळात ही बुरशी बसत नाही. येत्या हंगामात ते दोन बेड पण सोडणार नाही, पाकीट घेताना तारीख तेवढी बघून घेणार.