बोइंग ७३७-२०० विमानाचं १/१४४ मापाचं मॉडेल किट : इंजिनं जमलीत, खडी राहिली

डबा उघडल्यावर आधी इंजिनं बघा. ७३७-२०० ओळखायचं ते तिथेच: मधे पायलॉन (इंजिन पंखाला टांगणारा खांब) नाही, पंखाच्या पोटाला थेट चिकटलेली लांब, बारीक नळी. ती झकास उतरली आहे. सुरुवातीच्या विमानांची नळी आखूड होती. उतरल्यावर वेग मारायला इंजिनाचा झोत उलटा फिरवतात, तो पंखाखाली भरून विमानालाच उचलू बघायचा, म्हणून ती मीटरभराहून जास्त लांबवली. या मापात सुमारे ८ मिलिमीटर, आणि तेवढी इथे आहे.

झोत उलटवणाऱ्या दारांच्या (रिव्हर्सरच्या) रेषा मात्र सरळ उभ्या कोरल्यात. खऱ्या विमानात दारं सुमारे ३५ अंश तिरकी बसवलेली असतात, झोत धडावर आणि फ्लॅपवर आदळू नये म्हणून. पुटीनं बुजवून सुईनं परत कोरा.

धड २१ सेंटिमीटरचं. चिकटवण्याआधी टेपनं सगळं जोडून मागच्या चाकांवर उभं करून बघा, शेपटीवर बसणारच. नाकात गळाचं शिसं भरा, पण फेव्हिकॉलनं नको, शिसं फुगून धड उकलतं. एपॉक्सी वापरा.

बडोद्याच्या हरणी विमानतळावर उतरायची ती केशरी शेपटीची इंडियन एअरलाइन्सची विमानं करायची, तर एवढं पुरे. पण १९८८ साली उत्पादन थांबलेलं हे विमान उत्तर कॅनडात अजून कामावर आहे, नोलिनॉरसारख्या कंपन्यांकडे, आणि ते खडीच्या धावपट्ट्यांमुळे. पुढच्या ७३७ची मोठी इंजिनं जमिनीच्या फार जवळ आली, त्यांना खडीपासून वाचवणारे जोडभाग कधी मिळालेच नाहीत. आणि नेमके तेच भाग या डब्यात नाहीत! हे खटकतं.

घरी करता येतात. इंजिनाच्या खालच्या ओठातून पुढे येणारी नळी हवा फुंकून जमिनीवरचा भोवरा मोडते, म्हणजे खडे आत ओढले जात नाहीत. तिच्यासाठी सतारीची ०.३ मिलिमीटरची तार, चारेक मिलिमीटर. भोक आधी पाडा, चांगलं कटर घ्या, पोलादी तार नेलकटरची धार घालवते. पुढच्या चाकांपाशी खडे अडवणारी स्कीसारखी पट्टी असते, ती ०.२५ मिलिमीटरच्या स्टायरीन पत्र्यातून कापा. श्रीखंडाच्या डब्याचं झाकण मोह पाडतं, पण ते बहुधा पॉलिप्रॉपिलीनचं, मॉडेलच्या गोंदाला दाद देत नाही. मागच्या चाकांनाही लहान पट्ट्या लागतात.

रंग बडोद्याच्या जुलै-ऑगस्टमध्ये स्प्रेनं मारू नका, लॅकरवर पांढरी साय धरते. धरलीच, तर कोरड्या दिवशी पातळ थिनरचा एक हलका हात द्या.

डेकलचा (पाण्यात भिजवून मॉडेलवर चिकटवायच्या अक्षरा-चित्रांचा) कागद पिवळा पडला असेल, तर चार दिवस उन्हाच्या खिडकीला लावून ठेवा. पाण्यात सोडण्याआधी कोपऱ्यातलं एखादं बिनकामाचं अक्षर भिजवून बघा. तुटलं, तर सगळ्या कागदावर क्लिअर लॅकरचा हात मारून मग प्रत्येक तुकडा कडेनं कापावा लागतो.