अँटिबायोटिकनं पोट बिघडलं तर ही पुडी घ्या, रोजची बरणी नको

आईची दाढ सुजली होती, डेंटिस्टनी अमॉक्सिसिलिन-क्लॅव्ह्युलानेट दिलं आणि लगेच जुलाब सुरू, बऱ्याच जणांना होतं या औषधानं. मग आमच्या डॉक्टरांनी सॅकरोमायसिस बुलार्डी या प्रोबायोटिकची, म्हणजे पोटाला उपयोगी पडणाऱ्या जिवंत सूक्ष्मजीवांची, 250 मिलीग्रॅमची पुडी लिहून दिली, राजारामपुरीतल्या मेडिकलमधनं आणली.

पुडी फोडली की आंबवलेल्या पिठासारखा वास येतो, कारण हे बॅक्टेरिया नाहीच, यीस्ट आहे, म्हणजे एक प्रकारची बुरशी. आणि खरा फायदा तिथंच हाय बघा, अँटिबायोटिक बॅक्टेरिया मारतं, यीस्टला काही करत नाही, त्यामुळं दोन्ही सोबत चालतं. पाणी गरम नको फक्त, जिवंत आहे ते. आईनं ताकातनं घेतली. जुलाब आटोक्यात आले आणि अँटिबायोटिकचा कोर्स अर्धवट सोडावा लागला नाही, मला तेच लई महत्त्वाचं वाटलं. आता असले जुलाब आपोआप पण थांबतात, पण या त्रासावर बुलार्डीच्या बऱ्याच चाचण्या झाल्यात म्हणून श्रेय देतोय.

त्याच काउंटरवर प्रोबायोटिकची एक मोठी बरणी पण पुढं केली, रोज घ्या, इम्युनिटी वाढते, वजन उतरतं, स्किन चांगली होते म्हणे. मी फिरवून मागचं लेबल वाचलं तर नुसतं 'लॅक्टोबॅसिलस' हे जिवाणूंच्या गटाचं नाव, पुढं स्ट्रेनचं, म्हणजे नेमक्या उपप्रकाराचं, नावच नाही! फायदा स्ट्रेनप्रमाणं बदलतो, रॅम्नोसस जीजी या एका स्ट्रेनवर जे सिद्ध झालं ते दुसऱ्या कुठल्या लॅक्टोबॅसिलसला आपोआप लागू होत नाही. 2018 मध्ये इस्रायलच्या वाइझमन इन्स्टिट्यूटच्या एका छोट्या अभ्यासात तर अँटिबायोटिकनंतर मिक्स प्रोबायोटिक घेणाऱ्यांच्या पोटातले मूळचे जिवाणू परत यायला जास्तच वेळ लागला. धडधाकट माणसानं एवढे पैसे कशाला घालायचे, घरी म्हशीच्या दुधाचं दही लावा की, निदान जेवण तरी चांगलं होतं.

एक मात्र नीट लक्षात ठेवा, केमो चालू असेल, प्रतिकारशक्ती कमी असेल किंवा दवाखान्यात सेंट्रल लाइन (मोठ्या शिरेत घातलेली नळी) लावलेली असेल तर ही पुडी स्वतःच्या मनानं अजिबात देऊ नका, यीस्ट रक्तात जाऊन इन्फेक्शन होऊ शकतं. फंगसची गोळी, म्हणजे फ्लुकोनॅझोल वगैरे चालू असेल तर डॉक्टरांना सांगा, यीस्ट त्यानं मरतं.

पाचपैकी चार स्टार. एक कापला कारण पुडीवरची माहिती सगळी इंग्रजीत आणि मुंगीएवढ्या अक्षरात, आईला मी वहीच्या कागदावर मराठीत लिहून दिली.