टायर ऑनलाइन मागवले, बसवले साताऱ्यात: आठ महिने आणि ११ हजार किलोमीटरनंतर

आधी पैशांचं सांगते, कारण घरी आणि ऑफिसात सगळ्यांनी पहिला प्रश्न तोच विचारला. मिशेलिन एनर्जी एक्सएम२+, माप १८५/६५ आर १५, चार टायर ऑनलाइन २५,६०० रुपयांना घरपोच पडले. साताऱ्यातल्या दुकानात हाच टायर ७,००० ला एक, म्हणजे २८,०००. त्यात काढणं-घालणं, बॅलन्सिंग (चाक न थरथरता फिरावं म्हणून छोटी वजनं लावणं), अलाइनमेंट (चाकांची तोंडं सरळ लावणं) सगळं धरलेलं आणि जुन्या टायरचे १,२०० वजा, म्हणून २६,८००. माझ्या बाजूला २५,६०० वर बसवायचे ६००, बॅलन्सिंगचे ६००, शिशाच्या वजनांचे २२०, नव्या व्हॉल्व्हचे २०० आणि अलाइनमेंटचे ५०० चढले. झाले २७,७२०. जुने टायर ८०० ला गेले, राहिले २६,९२०. दुकानापेक्षा १२० रुपये जास्तच. शिवाय पहिलं बॅलन्सिंग वाया गेलं म्हणून दुसऱ्यांदा केलं, त्याचे १,००० वेगळे.

तरी मी ऑनलाइन घेतल्याचा मला पश्चात्ताप नाही.

माझी गाडी २०१८ ची बलेनो डेल्टा, पेट्रोल. दर आठवड्याला सातारा-पुणे-सातारा, आणि महिन्यातून एकदा कुंभार्ली घाट उतरून चिपळूणला माहेरी. २०२५ च्या जानेवारीत मीटर ९४ हजारांवर होता आणि टायरचा दुसरा सेट संपत आला होता. बाहेरून बघितलं तर नक्षी ठीक दिसायची. स्टेअरिंग पूर्ण वळवून आतल्या कडेला हात फिरवला, तेव्हा कळलं की पुढचे दोन्ही टायर आतून खाल्लेत. नक्षीच्या खाचेत मधेमधे बारीक उंचवटे असतात, ते १.६ मिलिमीटरचे. रबर झिजून त्यांच्या बरोबरीला आलं की टायर कायद्यानेही बाद. माझे आतल्या बाजूला बरोबरीला आले होते, आणि चार दिवस आधीच मी मुलांना घेऊन घाट उतरून आले होते. त्या रात्री मला झोप लागली नाही.

दुसऱ्याच दिवशी दुकानात गेले. टायर होते, पण बाजूवरचा आकडा वाचला तर ०८२३. हे चार आकडे प्रत्येक टायरवर लांबट चौकटीत कोरलेले असतात. पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. म्हणजे २०२३ च्या आठव्या आठवड्यात बनलेला, दोन वर्षं दुकानात पडून असलेला टायर. "काही होत नाही मॅडम, रबर आहे, दूध थोडंच आहे नासायला," असं उत्तर मिळालं. मला ते पटलं नाही. माझा सेट चार वर्षं चालतो. पहिली दोन वर्षं मांडणीवरच गेली, तर शेवटच्या वर्षी पावसात घाटात माझ्याखाली सहा वर्षांचं रबर असेल. ताजा माल मागवून द्या म्हटलं, तर "येईल तेव्हा फोन करतो." तो फोन आला नाही, म्हणून मी ऑनलाइनकडे वळले.

मागवताना एक चूक होता होता राहिली. गाडीचं नाव टाकलं की माप आपोआप येतं, आणि माझ्या बलेनोसाठी आलं १९५/५५ आर १६. ते वरच्या मॉडेलचं माप आहे, माझ्या डिस्कवर (टायर ज्या धातूच्या चाकावर बसतो ती) तो टायर चढलाच नसता. म्हणून गाडीचं नाव विसरा, आपल्या टायरच्या बाजूवर लिहिलेलं माप जसंच्या तसं टाका. मापापुढे ८८एच लिहिलेलं असतं, तेही जुळवा. ८८ म्हणजे एका टायरने ५६० किलो भार पेलायचा, एच म्हणजे ताशी २१० किलोमीटरपर्यंतचा वेग. २१० ने आपल्याला जायचं नाही हे खरं, पण गाडीसोबत आलेल्या आकड्यांपेक्षा खालचं काही घेऊ नये.

विक्रेत्याचं नाव लिहीत नाही. फेब्रुवारीत मागवले, सहाव्या दिवशी टेम्पोने आले, दोन-दोन टायर पट्टीने बांधलेले. मी जिन्यातच बसून चारही टायरचे आकडे टॉर्चने वाचले. तिघांवर ४१२४, एकावर १७२३. तीन टायर चार महिन्यांचे आणि चौथा पावणेदोन वर्षांचा. म्हणजे ज्या कारणासाठी दुकान सोडलं, तेच पुढ्यात. फोनवर सांगण्यात आलं की तीन वर्षांच्या आतला टायर नवाच धरतात. मी भांडले नाही. आकड्याचा फोटो, बिल आणि "एका सेटमध्ये दीड वर्षाचा फरक मला मान्य नाही" एवढं एक वाक्य, असं रोज ईमेलने पाठवत राहिले. अकराव्या दिवशी बदलून आला, ४०२४. तोवर तीन टायर गॅलरीत होते आणि घरभर नव्या रबराचा वास. इथे एकच गोष्ट माझ्या कामी आली, ती म्हणजे टायर डिस्कवर चढवले नव्हते. एकदा चढवला की तो वापरलेला टायर, मग परत कोणी घेत नाही. म्हणून सामान येईल त्या दिवशीच गाडी दुकानात लावू नका.

आता बसवण्याचं. खरा अनुभव इथे आहे.

पहिल्यांदा महामार्गाकडेच्या एका मोठ्या दुकानात गेले. टायर बाहेरून आणलेत म्हटल्यावर तिथल्या माणसाचा चेहराच पडला. त्याचंही मला समजतं, त्याची कमाई टायरवर असते, मजुरीत काय उरतं? पण काम तसंच झालं. डिस्कच्या कडेचा गंज तसाच ठेवून टायर चढवले, जुनी वजनं न काढता वर नवी ठोकली, नट हवेच्या गनने टर्रर्र करून आवळले. पाऊण तासात मोकळे. दुसऱ्या दिवशी पुण्याला निघाले आणि ऐंशीच्या पुढे स्टेअरिंग थरथरायला लागलं. नव्वदला तर हातांना मुंग्या. नवे टायरच वाकडे आले असं मनात पक्कं झालं, मी परत करायचा ईमेलसुद्धा लिहायला घेतला होता.

तो पाठवायच्या आधी एका सहकाऱ्याने एका छोट्या दुकानाचा पत्ता दिला. एकच मशीन, मिस्त्रीकाका आणि त्यांचा मुलगा. नट काढायला मुलाला पान्यावर दोन्ही पायांनी उभं राहावं लागलं, तेव्हा काका म्हणाले, "ताई, रात्री रस्त्यात पंक्चर झालं असतं तर तुम्ही काय केलं असतं?" मी यावर काहीच बोलले नाही. त्यांनी चारही टायर डिस्कवरून उतरवले. तारेच्या ब्रशने डिस्कची कड घासली, जिथे टायर टेकतो ती जागा चकचकीत होईस्तोवर. जुनी वजनं सगळी उपटली, नुसती डिस्क मशीनवर फिरवून ती सरळ आहे ना ते पाहिलं. मग टायर चढवून बॅलन्सिंग. तीन टायरना थोडक्यात भागलं. चौथ्याला मशीनने ६५ ग्रॅम वजन मागितलं.

दुसऱ्या कोणी ६५ ग्रॅम ठोकून दिले असते. काकांनी हवा सोडली, टायर डिस्कवर अर्धा फेरा फिरवला आणि पुन्हा हवा भरली. टायरची जड बाजू आणि डिस्कची जड बाजू एकाच ठिकाणी आली होती, ती समोरासमोर नेली. आता मशीन म्हणालं २५. तेवढं शिसं ठोकलं, पुन्हा फिरवलं, दोन्हीकडे शून्य-शून्य. मी शेजारी उभी राहून हे सगळं बघितलं आणि मला खरोखर भरून आलं, कारण आठवडाभर मी ज्या टायरना दोष देत होते त्यांच्यात काहीच खोट नव्हती. नट त्यांनी हाताच्या पान्याने, समोरासमोरचे आवळत बसवले. ५० किलोमीटरनंतर पुन्हा आवळून न्या म्हणाले, तेही केलं.

त्या दिवसापासून स्टेअरिंग एकदाही थरथरलेलं नाही.

अलाइनमेंट मात्र त्यांच्याकडे होत नाही, ती दुसरीकडे करावी लागली. तिथे आधीचा आणि नंतरचा असा दोन्ही रिपोर्ट छापून मागा. माझ्या आधीच्या रिपोर्टात पुढच्या दोन्ही चाकांचं तोंड बाहेरच्या बाजूला फाकलेलं होतं, जुने टायर आतून का खाल्ले त्याचं उत्तर त्या कागदावर होतं. हे न करता नवे टायर घातले असते, तर तेही तसेच गेले असते.

टायरबद्दल आता बेधडक लिहू शकते, कारण अख्खा पावसाळा मध्ये गेलाय. कुंभार्लीच्या वळणांवर जुलैत पाणी रस्त्यावरून आडवं वाहतं आणि कडेला चिखल-पाला साचतो. तिथे गाडीने एकदाही पाय सोडला नाही. खंबाटकीच्या उतारावर पुढच्या ट्रकने अचानक ब्रेक मारला, तेव्हा ओल्या रस्त्यावर गाडी सरळ रेषेत थांबली. जुन्या टायरवर ती नक्की डावीकडे ओढली असती. आवाज कमी आहे. फक्त चिपळूणच्या बाजूला मुंबई-गोवा महामार्गाच्या सिमेंटवर गुणगुण ऐकू येते, ती आधीच्या टायरचीही यायची. अॅव्हरेज वीसच्या आसपास, आधीसारखंच. (नवा टायर झिजलेल्यापेक्षा किंचित मोठा असतो, त्यामुळे तेवढ्याच अंतराला मीटर एक-दोन टक्के कमी दाखवतो. अॅव्हरेज पडलं म्हणून कोणी घाबरू नये.)

जुलैत पाटणजवळ एक खिळा घुसला. मागचं डावं चाक, भर पाऊस, मी एकटी. गाडीतल्याच पान्याने नट सुटले आणि वीस मिनिटांत स्टेपनी लागली. त्या वीस मिनिटांत मिस्त्रीकाकांची तीव्र आठवण आली.

झीज मी साध्या गेजने मोजते. नवे होते तेव्हा नक्षीची खोली साडेसात मिलिमीटर, आता पुढे ६.७ आणि मागे ६.३. आठ हजारांवर पुढचे मागे, मागचे पुढे केले. या हिशेबाने १.६ वर येईपर्यंत ५० हजार सहज व्हावेत. हवा दर पंधरा दिवसांनी, सकाळी टायर गार असताना, ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवरच्या स्टिकरप्रमाणे. पंपावरच्या मीटरवर विसंबत नाही, दोन पंपांत तीन-तीन पॉइंटचा फरक मिळालाय.

एक हुरहूर आहे. मी घेतले तेव्हा टायरवर जीएसटी २८ टक्के होता. २२ सप्टेंबर २०२५ पासून तो १८ टक्के झाला. माझ्या बिलात मूळ किंमत बरोबर २०,००० होती, तेव्हा त्याच भावाने आज २३,६०० होतात, २,००० रुपये वाचले असते. पण तेवढ्यासाठी त्या आतून संपलेल्या टायरवर एक पावसाळा काढायचा, हे मी केलं नसतं आणि कोणी करूही नये.

बिल जपून ठेवलंय, त्यावर चारही टायरचे नंबर लिहून घेतलेत. वॉरंटीत उरलेल्या नक्षीच्या हिशेबाने पैसे मिळतात, आणि खड्ड्यात आदळून फुगा आला किंवा कट गेला तर ते साध्या वॉरंटीत सहसा बसत नाही. आपल्या रस्त्यांवर टायर मरतो तो बहुतेक खड्ड्यानेच, तेव्हा वॉरंटीची वर्षं बघून टायर निवडू नका.

चिपळूणच्या धाकट्या बहिणीची वॅगनआर आता टायरला आली आहे, १६५/७० आर १४. या वेळी मी आधी मिस्त्रीकाकांना फोन केला. बाहेरचे टायर बसवाल का, मजुरी किती, आणि सामान थेट तुमच्या दुकानात उतरवलं तर चालेल का, एवढं विचारलं. ते म्हणाले, "उतरवा. पण आकडे वाचल्याशिवाय मी सही करणार नाही." त्यानंतर ऑर्डर टाकली.