जुन्या डेस्कटॉपमध्ये सॅमसंग ८७० इव्हो २ टीबी: सॅम्पल लायब्ररीसाठी घ्यावी का?

चौथ्या पिढीचा आय५, एच८१ चिपसेटचा बोर्ड, डीडीआर३ रॅम आणि कुरकुरणारी १ टीबीची हार्ड डिस्क. जिंगल, भावगीतांचे ट्रॅक, ऑर्केस्ट्रासाठी मायनस ट्रॅक असली कामं करणाऱ्या कितीतरी घरगुती स्टुडिओंत आजही हेच यंत्र चालू आहे, आणि प्रोसेसर बिचारा अजून थकलेला नाही. अडतं ते डिस्कपाशी, जिच्यावर सॅम्पल लायब्ररी, म्हणजे वाद्यांच्या रेकॉर्ड केलेल्या सुरांचा साठा, असतो. स्ट्रिंग्जचा पॅच (एका वाद्याचा तयार संच) उघडायला दीड-दोन मिनिटं, पियानोवर पेडल दाबून भरभर वाजवलं की मधलेच सूर गायब, आणि सुपीरियर ड्रमर ३ हे ड्रम वाजवणारं सॉफ्टवेअर टाकायचं तर त्याची मूळ लायब्ररीच २३० जीबीच्या घरात. ‘आता नवीन मशीन घ्या’ हा सल्ला अशा वेळी फुकट मिळतो. त्याआधी २.५ इंची साटा एसएसडी (साटा केबलने बोर्डाला जोडायची, फिरती तबकडी नसलेली चिपची डिस्क), त्यातही सॅमसंगची ८७० इव्हो, या कामाला कितपत पुरते ते पाहू.

खोक्यावर वाचनाचा वेग ५६० आणि लेखनाचा ५३० एमबी प्रति सेकंद लिहिलेला असतो. संगीताच्या कामात या आकड्यांना फारसा अर्थ नाही. ४८ किलोहर्ट्झ, २४ बिट स्टिरिओ सॅम्पलचा एक आवाज डिस्कवरून वाजायला सेकंदाला २८८ केबी लागतात. एकाच वेळी ३०० आवाज वाजत आहेत असं धरलं तरी बेरीज ८६ एमबीच्या पुढे जात नाही, आणि सलग फाइल वाचताना एवढा वेग जुनी हार्ड डिस्कही देते. मग ती धापा का टाकते? कारण ते ३०० आवाज डिस्कवर ३०० ठिकाणी विखुरलेले असतात. ७२०० आरपीएमची तबकडी एक फेरा ८.३ मिलिसेकंदांत घेते, म्हणजे हवी ती जागा हेडखाली यायला सरासरी ४ मिलिसेकंद. त्याआधी हेडलाच तिथवर सरकायला आणखी ८-९. म्हणजे सेकंदाला जेमतेम ७५-८० उड्या. ८७० इव्होचा ४ केबीच्या एकेकट्या विखुरलेल्या वाचनाचा अधिकृत आकडा सेकंदाला १३,००० आहे. फरक पडतो तो इथे.

याचा दुसरा फायदा रॅमला होतो, आणि आमच्या मते जुन्या मशीनसाठी तोच मोठा. एच८१ बोर्डावर रॅमच्या दोनच खाचा असतात आणि १६ जीबीच्या पुढे जाता येत नाही. कॉन्टॅक्ट हे सॅम्पल वाजवणारं सॉफ्टवेअर प्रत्येक सॅम्पलची सुरुवात रॅममध्ये भरून ठेवतं आणि उरलेला भाग वाजवताना डिस्कवरून ओढतं. हा प्रीलोड मुळात ६० केबी असतो, म्हणजे वरच्या हिशेबाने साधारण ०.२ सेकंदाचा आवाज. तेवढ्या उसंतीत हार्ड डिस्कने पुढचा भाग शोधायचा. एसएसडीला एवढी उसंत लागतच नाही. ४०,००० सॅम्पलच्या टेम्प्लेटमध्ये (सगळी वाद्यं आधीच भरून ठेवलेल्या प्रोजेक्टमध्ये) ६० केबीने २.४ जीबी रॅम जाते, १२ केबीने अर्धा जीबीही जात नाही. ८ जीबीच्या मशीनवर ही वाचलेली रॅम सोन्यासारखी. ऑप्शन्समध्ये मेमरीच्या पानावर इन्स्ट्रुमेंटचा प्रीलोड ओव्हरराइड करण्याची खूण आणि सरकपट्टी आहे. थेट तळाला ६ वर नेऊ नका. आधी १८ वर आणा, प्रोजेक्ट बंद करून पुन्हा उघडा आणि गाण्यातला सगळ्यात दाट भाग वाजवा. सुरांची सुरुवात स्वच्छ असेल तर १२ करा. सूर तुटले तर २४ वर परत या. वाजवताना कॉन्टॅक्टच्या माथ्यावरचे डिस्क आणि सीपीयू हे दोन्ही मीटर पाहत राहा. तडतड ऐकू येते तेव्हा सीपीयूचाच मीटर लाल होत असेल, तर दुखणं वेगळं आहे आणि कुठलीही एसएसडी ते बरं करणार नाही.

आता पोर्टबद्दल, कारण निम्मी निराशा इथूनच येते. एच८१ बोर्डावर चार साटा पोर्ट असतात, पण त्यातले दोनच ६ गिगाबिटचे. उरलेले दोन ३ गिगाबिटचे. बी८५ वर सहापैकी चार वेगवान. त्याआधीच्या एच६१ वर चारही ३ गिगाबिटचे. वेगवान पोर्टचा रंग बहुतेक बोर्डांवर वेगळा असतो, पण रंगांचा ठरलेला नियम नाही; बोर्डाच्या पुस्तिकेत पाहा किंवा पोर्टशेजारी छापलेली बारीक अक्षरं टॉर्च लावून वाचा. जुन्या असेंबल्ड मशीनमध्ये डीव्हीडी रायटर ऐटीत ६ गिगाबिटच्या पोर्टवर बसलेला हमखास सापडतो. त्याला उठवा. जोडणी झाल्यावर क्रिस्टलडिस्कइन्फो हे डिस्कची माहिती दाखवणारं सॉफ्टवेअर उघडून ट्रान्स्फर मोड बघा. तिथे दोन आकडे दिसतात: पहिला सध्याचा वेग, दुसरा डिस्कला जमणारा. दोन्हीकडे साटा ६०० असेल तर काम झालं. पहिला ३०० दाखवत असेल तर एसएसडी चुकीच्या पोर्टवर आहे किंवा केबल कुचकामी आहे. एच६१ वाल्यांनी मात्र हिरमुसून जाऊ नये. तिथे सलग वाचन २७०-२८० एमबीवर थांबतं, पण वरचा ८६ एमबीचा हिशेब आठवा. सॅम्पल वाजवायला तेवढं भरपूर आहे. पॅच उघडायला थोडा जास्त वेळ लागेल, इतकंच.

८७० इव्होच्या खोक्यात एसएसडी आणि कागद, बाकी काही नाही. साटा केबल नाही, ३.५ इंची खणात बसवायची पट्टी नाही, स्क्रूही नाहीत. मुंबईत लॅमिंग्टन रोडला किंवा आपल्या नेहमीच्या दुकानात तिथल्या तिथेच क्लिपवाली साटा केबल, २.५ ते ३.५ इंचाची पट्टी आणि चार एम३ स्क्रू मागून घ्या. घरातली दहा वर्षांपूर्वीची लाल केबल वापरायचा मोह टाळा. क्लिप नसलेली केबल पंख्याच्या थरथरीने सैल होते आणि मग रेकॉर्डिंगच्या मधोमध सगळं काही सेकंद गोठतं. खात्री करायची तर क्रिस्टलडिस्कइन्फोमध्ये सी७ क्रमांकाची ओळ, म्हणजे सीआरसी एरर काउंट, पाहा. हा आकडा कधीच शून्यावर परत येत नाही, त्यामुळे आहे तो लिहून ठेवा. आठवड्याने वाढलेला दिसला तर केबल बदला, एसएसडीला दोष देऊ नका. पॉवर सप्लायमध्ये साटाची तार शिल्लक नसेल तर मोलेक्सवरून साटा करणारा जोड मिळतो. त्यात प्लास्टिक ओतून बंद केलेला, म्हणजे मोल्डेड कनेक्टर घेऊ नका. त्यातल्या तारा आतल्या आत एकमेकींना टेकून जळाल्याचे प्रकार पुष्कळ झालेत. तारा पिनांवर दाबून बसवलेला उघडा जोड घ्या.

बायोसमध्ये साटा मोड एएचसीआय (डिस्कशी बोलायची नवी पद्धत) आहे का ते विंडोज सुरू होण्याआधीच पाहून घ्या. आयडीई, म्हणजे जुनी पद्धत, असेल आणि तुम्ही सरळ बदलून टाकला, तर पुढच्याच क्षणी निळा स्क्रीन येईल. आधी विंडोजमध्ये एमएसकॉन्फिग उघडा, बूटच्या टॅबमध्ये सेफ बूटवर खूण करा, रीस्टार्ट करताना बायोसमध्ये जाऊन एएचसीआय निवडा, सेफ मोडमध्ये एकदा मशीन सुरू होऊ द्या आणि मग ती खूण काढून पुन्हा रीस्टार्ट करा. दहा मिनिटांचं काम आहे.

लायब्ररी हलवणं हा खरा डोक्याला ताप, पण त्याला एक साधी युक्ती आहे. समजा जुन्या हार्ड डिस्कवर सगळं ‘डी’ ड्राइव्हमध्ये आहे. कॉन्टॅक्ट, क्युबेस, एफएल स्टुडिओ आणि मागच्या पाच वर्षांचे प्रोजेक्ट, सगळ्यांनी ‘डी’चाच पत्ता पाठ केलाय. नव्या एसएसडीवर फोल्डर जसेच्या तसे कॉपी करा. कट नाही, कॉपी. मग डिस्क मॅनेजमेंटमध्ये जुन्या डिस्कचं अक्षर बदलून ‘एक्स’ करा आणि ‘डी’ हे अक्षर एसएसडीला द्या. कुठल्याच सॉफ्टवेअरला घर बदलल्याचा पत्ता लागत नाही, आणि हरवलेले सॅम्पल शोधायची ती खिडकी प्रत्येक प्रोजेक्टला उघडत नाही. हे करताना सगळे प्रोग्रॅम बंद हवेत. ‘डी’वर प्रोग्रॅमही इन्स्टॉल केलेले असतील तर तेही सोबत कॉपी झाले पाहिजेत, आणि पेजफाइल (रॅम कमी पडली की विंडोज वापरतं ती फाइल) तिथे असेल तर आधी ती ‘सी’वर न्या. हार्ड डिस्कवरून सरासरी १२० एमबीने वाचन झालं तर ७०० जीबीला दीड-पावणेदोन तास. हजारो छोट्या वेव्ह फाइल असतील तर रात्रभर लावून द्या. कॉपी पुरी झाल्यावर दोन्हीकडच्या फाइलींची संख्या आणि बाइट्स ताडून पाहा, मगच जुन्याला हात लावा.

आकार कुठला घ्यावा? २ टीबी घेतली तर विंडोजमध्ये १,८६३ जीबी दिसतात. १० ते १५ टक्के मोकळे ठेवायचे. शिवाय मोठ्या लायब्ररी डाउनलोड होऊन उलगडताना काही काळ जवळजवळ दुप्पट जागा मागतात, हे बरेच जण विसरतात आणि रात्री तीन वाजता इन्स्टॉलेशन ९० टक्क्यांवर अडकतं. ४ टीबी घेणार असाल तर डिस्कची मांडणी जीपीटी या नव्या पद्धतीची करायलाच हवी. एमबीआर या जुन्या पद्धतीत २ टीबीपुढची जागा दिसणारच नाही. लायब्ररीची डिस्क म्हणून जीपीटी जुन्या बायोसच्या मशीनवरही ६४ बिट विंडोजमध्ये बिनतक्रार चालते.

याच घराण्यातली ८७० क्यूव्हीओ स्वस्त पडते म्हणून दुकानदार ती पुढे करतो. तिच्यात क्यूएलसी प्रकारची, म्हणजे एका कप्प्यात चार बिट दाटीने बसवणारी मेमरी आहे. १ टीबीच्या क्यूव्हीओत पहिले ४२ जीबी झपाट्याने लिहिले जातात आणि मग वेग ८० एमबीवर उतरतो, म्हणजे हार्ड डिस्कच्याही खाली. ५०० जीबी भरायला दीड तासाहून जास्त. पण एकदा भरली की सॅम्पल लायब्ररी नुसती वाचली जाते, आणि वाचनात क्यूव्हीओ फार मागे नाही. फक्त लायब्ररीसाठीच वेगळी डिस्क हवी असेल तर क्यूव्हीओ वाईट सौदा नाही. विंडोज, चालू प्रोजेक्ट आणि लायब्ररी सगळं एकाच डिस्कवर ठेवणार असाल तर इव्होच. २ टीबी इव्होची लेखनक्षमता (वॉरंटीत धरलेलं एकूण लेखन) १,२०० टीबी आणि वॉरंटी ५ वर्षांची. क्यूव्हीओची ७२० टीबी आणि ३ वर्षं. घरगुती स्टुडिओत दोन्हींपैकी कुठलाच आकडा गाठला जात नाही, खरं तर.

एनव्हीएमईचं, म्हणजे साटाऐवजी पीसीआयई खाचेवरून चालणाऱ्या वेगवान एसएसडीचं काय, हा प्रश्न येतोच. एम.२ एनव्हीएमई बसवायचं पीसीआयई कार्ड स्वस्तात मिळतं आणि विंडोज १० मध्ये लायब्ररीची डिस्क म्हणून चालतंही. त्यावरून बूट करायला मात्र या काळातले बरेच बोर्ड तयार होत नाहीत. एच८१ च्या छोट्या एक्स१ खाचेत हे कार्ड लावलं तर पीसीआयई २.० ची एकच लेन (डेटाची वाट) मिळते, कागदावर ५०० एमबी आणि प्रत्यक्षात चारशेच्या आसपास. साटापेक्षाही कमी! मोठ्या खाचेत लावलं तर दीड हजार एमबीपर्यंत जातं, पण ग्राफिक्स कार्डला बाहेर जावं लागतं. आणि एवढं करून कॉन्टॅक्टच्या दाबलेल्या फाइली उलगडायचं काम त्याच जुन्या चार कोअरना करायचं आहे. या मशीनवर एनव्हीएमईच्या मागे लागण्यात आम्हाला शहाणपण दिसत नाही.

तक्रारीच्या जागाही आहेत. ८७० इव्होच्या २०२१ सालच्या सुरुवातीच्या मालात बॅड ब्लॉक (खराब झालेल्या जागा) येत असल्याच्या वापरकर्त्यांच्या बऱ्याच नोंदी आहेत, त्यामुळे सेकंडहँड घेताना लेबलवरची तारीख पाहा आणि क्रिस्टलडिस्कइन्फोमध्ये रीअलोकेटेड सेक्टर आणि अनकरेक्टेबल एरर या दोन्ही ओळींत शून्य असल्याशिवाय पैसे देऊ नका. लाइट अचानक गेली तर लिहिणं पुरं करण्यासाठी सर्व्हरच्या एसएसडीत कपॅसिटर असतात तसे यात नाहीत. यूपीएस नसेल तर आधी तो घ्या, आणि डिव्हाइस मॅनेजरमधली राइट-कॅश फ्लशिंग बंद करण्याची खूण वेग वाढतो म्हणून कुणी सांगितली तरी करू नका. सेकंडरी डिस्क म्हणून लावल्यावर ऑप्टिमाइझ ड्राइव्ह्जमध्ये तिच्यापुढे सॉलिड स्टेट ड्राइव्ह असंच लिहून येतंय ना, तेही एकदा पाहा.

रेकॉर्डिंगसाठी एसएसडी हवीच असा एक समज आहे. ४८ किलोहर्ट्झ, २४ बिटचे १६ मोनो ट्रॅक एकदम रेकॉर्ड केले तरी सेकंदाला २.३ एमबी होतात, तासाला सव्वाआठ जीबी. हे ओझं जुनी हार्ड डिस्क अजूनही हसत पेलते, तेव्हा तिला बॅकअप आणि कच्च्या टेकसाठी ठेवा. फक्त विंडोजच्या पॉवर ऑप्शन्समध्ये हार्ड डिस्क बंद करण्याची वेळ शून्य, म्हणजे कधीच नाही, अशी करून टाका. बॅलन्स्ड प्लॅनमध्ये ती मुळात २० मिनिटं असते. गायक माइकसमोर उभा असताना तुम्ही सेव्ह ॲजची खिडकी उघडता, झोपलेली डिस्क घर्रकन फिरू लागते आणि ती वेगात येईपर्यंत क्युबेस पाच-सात सेकंद तोंड वासून बसतं.